नव्या फुटबॉल क्लबला गर्दी कशी जमवायची: तालमीच्या कट्ट्यावरून

एखाद्या शहरात व्यावसायिक फुटबॉल क्लब निघाला की पहिल्या पत्रकार परिषदेत एक वाक्य हमखास येतं, "आम्हाला इथे फुटबॉलची संस्कृती रुजवायची आहे." कोल्हापुरात कुणी असं बोललंच तर पेठेतला एखादा म्हातारा त्याला चहा पाजेल आणि एसटी स्टँडचा रस्ता दाखवेल.

इथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावं कुठल्या जाहिरातवाल्यानं बैठकीत बसून ठरवलेली नाहीत. तालीम, म्हणजे पेठेतला आखाडा आणि त्याभोवती जमलेलं मंडळ, आधीपासून होती, गणपती आधीपासून होता, त्याच पोरांनी पुढं फुटबॉलची टीम काढली. चारची मॅच असली की तीनपासूनच शाहू स्टेडियमकडे माणसं चालत निघतात. राष्ट्रीय चॅनेलवर काही दिसत नाही, मालकाच्या खुर्चीत सिनेमानट नाही, तरी दोन मोठ्या तालमी समोरासमोर आल्या की गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.

मी अशाच एका तालमीच्या कट्ट्यावर वाढलो. पोटापाण्यासाठी पुण्यात आल्यावर काही वर्षं एका क्लबात तिकिटांचं आणि समर्थकांचं काम बघितलं. त्यामुळे नवीन क्लबवाल्यांचे फोन येतात, "गर्दीचं काहीतरी सांगा." फोनवर जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

"किती दिवस टिकणार?" लोक हे तोंडावर विचारणार नाहीत, पण तिकीट घेताना मनात हेच असतं. पुण्यात तर हमखास. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, तेव्हा देशातली सर्वात वरची लीग असलेल्या आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसरा आला, आणि दोन-तीन वर्षांत संपला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगामांनी गेला. एफसी पुणे सिटी २०१४ ला इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या हंगामापासून होता, २०१९ मध्ये तोही बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर त्याआधीच, २०१० मध्ये, बंद झाला होता. ज्या पोरानं यातल्या एका क्लबाची जर्सी घेतली, दुसऱ्याचा स्कार्फ घेतला, तो तिसऱ्यांदा खिशात हात घालताना विचार करणारच.

म्हणून घोषणा कमी आणि कागद जास्त दाखवा. मैदानाचा करार किती वर्षांचा आहे ते जाहीर सांगा. नावात प्रायोजकाचं नाव घालू नका, कारण प्रायोजक गेला की नाव बदलतं आणि लोकांचं गोंदणसुद्धा वाया जातं. "आम्ही अख्ख्या महाराष्ट्राचे" असं म्हणू नका, एक शहर पकडा. रंग आणि चिन्ह एकदा ठरलं की दहा वर्षं त्याला हात लावायचा नाही, नवा मार्केटिंग मॅनेजर कितीही तळमळीनं सांगू देत.

लोकांना खरोखर काही हक्क देता आला तर उत्तम. अमेरिकेतल्या सिएटल साउंडर्सनं २००९ मध्ये मोठ्या लीगमध्ये येताना हंगामी तिकीटवाल्यांना एक मत दिलं: क्लबाचा जनरल मॅनेजर ठेवायचा की काढायचा, हे दर चार वर्षांनी ते ठरवणार. पहिल्याच हंगामात तिथे सरासरी तीस हजारांवर माणसं येत होती. आपल्याकडचा मालक एवढं काळीज दाखवेल असं मला वाटत नाही. पण बाहेरच्या मैदानावर घालायची जर्सी कुठली आणि तिकिटाचा दर किती, या दोन गोष्टी तरी समर्थकांना विचारून ठरवायला काय हरकत आहे?

सुटी माणसं धरू नका, टोळकी धरा

माझं म्हणणं काय ते एवढंच, बाकी सगळं त्याला जोडून आहे. कोल्हापुरात कुणी एकटा मॅचला जात नाही. तो कट्ट्यावरच्या पोरांबरोबर जातो, चुलत्याबरोबर जातो, आणि नाही गेला तर संध्याकाळी त्याला विचारतात, "कुठं मेला होतास?" हा प्रश्न विचारणारं कुणीतरी असणं, हीच गर्दीची खरी यंत्रणा. तुमची फेसबुकवरची जाहिरात एकट्या माणसाला गाठते. एकटा माणूस पाऊस आला की घरी बसतो.

तेव्हा शहरात आधीच जमलेली टोळकी कुठली आहेत त्याची वही करा. पुण्याचं उदाहरण घ्या. जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये खेळणारे क्लब, त्यातही कॅम्प आणि खडकी भागातले, जिथे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या आहे. शाळांचे पीटीचे सर. पिंपरी-चिंचवड, वाकड, कोथरूडमधल्या टर्फवर रात्री दहाला पाच-पाचच्या मॅच खेळणारी आयटीवाली पोरं. शिकायला आलेली मणिपूर, मिझोरम, केरळ, गोव्याची मुलं, ज्यांना गोलमागं उभं राहून ९० मिनिटं गाणं म्हणायला शिकवावं लागत नाही. या मुलांना "बाहेरची" म्हणून बाजूला बसवलंत तर तुमच्या गॅलरीला गळाच राहणार नाही. आणि गणेश मंडळं आहेतच.

प्रत्येक टोळक्यात एक पुढारी असतो. बहुतेक वेळा तो सगळ्यात चांगला खेळणारा नसतो, वर्गणी गोळा करणारा असतो. त्याला गाठा. क्लबाच्या कार्यालयात बोलावू नका, तो जिथे बसतो तिथे जा, रात्री टर्फवर जा, मॅच संपेपर्यंत जाळीबाहेर थांबा. त्याला वीस जागा एकत्र द्या, दर हंगामाला त्याच जागा. आणि एक फोन नंबर द्या, जो मॅचच्या दिवशी उचलला जातो. हे शेवटचं ऐकायला किरकोळ वाटतं, पण गेटवर कुणाचा झेंडा अडवला आणि फोन लागला नाही, की ते वीसच्या वीस गेले समजा. मी गेटवर उभं राहून हे पाहिलेलं आहे. झेंड्याची काठी प्लॅस्टिकच्या पाइपची होती, सुरक्षारक्षक म्हणाला चालणार नाही, पोरांनी पाइप काढून झेंडा अंगाला गुंडाळला, तरी तो म्हणाला वरून विचारावं लागेल. वर कुणी फोन उचलेना. आतून पहिल्या गोलचा आवाज आला तेव्हा ती पोरं रिक्षा शोधत होती.

आता जागांचं. बारा हजारांच्या मैदानात तीन हजार माणसं विखरून बसली की मैदान ओस दिसतं. तीच तीन हजार एका बाजूला बसवा, बाकीच्या गॅलऱ्या सरळ बंद ठेवा. कॅमेरा ज्या गॅलरीकडे तोंड करून असतो ती आधी भरा. बेंगळुरू एफसी २०१३ मध्ये निघाला तेव्हा तो तिथल्या जुन्या, लहानशा फुटबॉल स्टेडियमवर खेळायचा. त्यातल्या पश्चिमेच्या एका ब्लॉकमध्ये जी पोरं उभी राहायची त्यांनी स्वतःला वेस्ट ब्लॉक ब्लूज म्हणवून घेतलं. क्लब पुढच्या हंगामात मोठ्या कंठीरवा स्टेडियमवर गेला, नाव मात्र तेच राहिलं. पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली हे त्यांचं नशीब आणि कर्तृत्व, पण लहान मैदानापासून सुरुवात करणं तर कुणालाही जमेल.

फुकट पास

वाटू नका. नगरसेवक मागेल, प्रायोजक मागेल, शाळा मागतील. फुकट पासवाला येत नाही, आला तर मध्यंतरात जातो, आणि ज्यानं पैसे मोजले त्याला आपण बावळट ठरलो असं वाटतं. दर पन्नास रुपये ठेवा, पण ठेवा. शाळेच्या मुलांना सवलत द्यायचीच असेल तर मुलाला फुकट आणि सोबतच्या पालकाला पूर्ण तिकीट. मुलगा बापाला ओढत आणतो. हंगामी तिकीट एवढं स्वस्त असावं की पाच मॅचला पैसे वसूल व्हावेत.

सिनेमातले पाहुणे आणि छेत्रीचा व्हिडिओ

नट आला की एक संध्याकाळ भरते, हे खरं. पण ती माणसं मैदानाकडे पाठ करून व्हीआयपी खोलीकडे मोबाइल धरतात, आणि नटाची गाडी निघाली की त्यांचीही निघते. पुढच्या मॅचला ती येत नाहीत आणि तुम्ही पहिल्या दिवसाच्या आकड्यावर हंगामाचा हिशेब मांडून बसलेले असता.

भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री, त्याचं वेगळं. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीनं तीन गोल केले, आणि बघायला माणसं होती २,५६९. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ टाकला: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. ४ जूनची केनियाची मॅच, त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना, हाऊसफुल्ल झाला. हे ऐकून प्रत्येक नवा क्लब आपल्या कॅप्टनला मोबाइलसमोर बसवतो. अहो, छेत्रीच्या मागं तेव्हा तेरा वर्षांचं भारताकडून खेळणं होतं, आणि ती विनवणी त्यानं एकदाच केली. दर शुक्रवारी हात जोडणारा कॅप्टन लोकांना केविलवाणा वाटायला लागतो.

खेळाडूंचा उपयोग दुसरीकडे आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा फुटबॉलची ऑफसाइड न कळणाऱ्या मावश्याही टीव्हीसमोर होत्या. संघात शहरातली तीन-चार पोरं हवीतच, आणि नुसती बाकावर बसवायला नकोत. परदेशी खेळाडूला पंचतारांकित हॉटेलात कोंडू नका. आमच्याकडे तालमींनी आफ्रिकेतले खेळाडू आणले, ते पेठेत राहिले, सकाळी मिसळ खाताना दिसले, पोरं त्यांना नावानं हाक मारायला लागली. मॅच संपल्यावर, हरलो तरी, सगळ्या टीमनं गॅलरीपुढं येऊन टाळ्या वाजवायच्या. याला पैसा लागत नाही.

आवाज

पुणेकर क्लबवाल्यांना वाटतं ढोल-ताशा पथक आणलं की झालं. अनंत चतुर्दशीनंतर पथकं मोकळी असतात, येतातही हौसेनं. पण चाळीस ढोल सलग वाजले की बाकी गॅलरीचा आवाज मरतो, घोषणा ऐकू येत नाही, आणि माणूस पुन्हा प्रेक्षक होऊन बसतो. दोन हलग्या आणि साथीला एक घुमकं (हलगीसोबत वाजणारं घुमणारं वाद्य) पुरे. हलगी थांबते, मधे जागा सोडते, त्या जागेत हजार माणसं ओरडू शकतात. घोषणा तुम्ही लिहून देऊ नका, एजन्सीकडून तर अजिबात नको. त्या पोरांना सुचतील, पहिल्या दोन वाईट असतील, तिसरी टिकेल.

ईर्षा पाहिजे. समोरच्या टीमबद्दल काहीच वाटत नसेल तर कुणी उन्हात दोन तास का बसेल? पण कोल्हापुरात ईर्षेचं हुल्लडबाजीत रूपांतर झालेलंही आम्ही पाहिलंय, दगड पाहिलेत, लाठी पाहिली आहे. पाहुण्या समर्थकांची गॅलरी आणि त्यांचं गेट वेगळं ठेवा. पोलीस बंदोबस्ताचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटात धरा. आणि शिवराळ घोषणांबद्दल पुढाऱ्यांशी बसून बोला, कारण बायका-मुली गॅलरीत न येण्याचं ते एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण संडास. स्वच्छ, दिवा असलेला, कडी लागणारा, पाणी असलेला, बायकांच्या बाजूला एक बाई कामाला असलेला. याबद्दल मला अजून काही लिहायचं नाही, पण क्लबाच्या मालकानं मॅचच्या दिवशी स्वतः जाऊन बघावं.

बाकी किरकोळ, पण गर्दी इथेच गळते

रात्री साडेसातची मॅच साडेनऊला संपते. बालेवाडीहून हडपसरला जाणारा माणूस साडेनऊला काय पकडणार, हे तिकीट छापायच्या आधी पीएमपीच्या डेपोत जाऊन विचारा, जादा बस मागा, आणि मिळाली तर तिची वेळ तिकिटाच्या मागे छापा. पाण्याच्या बाटल्या गेटवर काढून घेता ना, मग आत पिण्याचं पाणी फुकट ठेवा. वडापाव बाहेर मिळतो त्याच्या दीडपट भावापर्यंत लोक सोसतात, तिप्पट झाला की मॅचऐवजी त्याचीच चर्चा होते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आठवड्यात मोठी मॅच घरच्या मैदानावर घेऊ नका, लीगशी भांडून का होईना तारीख बदलून घ्या.

आकडा खरा सांगा. चार हजार आले तर फलकावर चार हजार लिहा. नऊ हजार लिहिलंत तर गॅलरीत बसलेला माणूस डोळ्यांनी मोजतो आणि हसतो, आणि त्यानंतर तुमच्या मैदानाच्या करारावरही विश्वास ठेवत नाही.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढा. ज्या पुढाऱ्याच्या वीस जागा रिकाम्या राहिल्या त्याला फोन लावा आणि का ते विचारा. उत्तरात फुटबॉल क्वचितच असतो. कुणाच्या घरी साखरपुडा होता, कंपनीत शिफ्ट बदलली, टर्फवर त्याच वेळी स्पर्धा होती, कुणाचं मागच्या वेळी गेटवर वाजलं होतं. गेटवर वाजलेल्याकडे त्याच दिवशी स्वतः जा, बाकीचे पुढच्या मॅचच्या आधी.