साथीच्या आजारांची खात्रीची माहिती ऑनलाइन कशी शोधावी?

जानेवारी 2025मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आकड्यांचा पाऊस पडला. अशा वेळी मूळ माहितीपर्यंत कुणालाही पोहोचता येतं, तेही फुकट.

आधी प्रश्न नेमका करा. नुसतं ‘जीबीएस’ शोधू नका. आजार, गाव आणि वर्ष तिन्ही घाला.

मग अधिकृत नोंदी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘डिसीज आउटब्रेक न्यूज’ जगभरच्या साथींसाठी. आपल्याकडे 2004पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्याच्या साप्ताहिक अहवालांत जिल्हावार उद्रेक सापडतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं साप्ताहिक ‘एमएमडब्ल्यूआर’ही चाळा. त्यातल्या छोट्या टिपणांवरून घाईने पुढे जाऊ नका. 5 जून 1981च्या अंकात लॉस एंजेलिसच्या अवघ्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची नोंद होती. पुढे ज्याला एड्स म्हटलं गेलं, त्याची ती पहिली खूण ठरली.

शोधनिबंधांसाठी पबमेड हे वैद्यकीय संशोधन शोधायचं संकेतस्थळ. शब्द इंग्रजीत टाका, बाजूला वर्ष आणि ‘फ्री फुल टेक्स्ट’ निवडा. मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावर ताजं संशोधन लवकर मिळतं, पण ते तज्ज्ञांनी तपासण्याआधीचं असतं. त्यावरून औषधपाण्याचे निर्णय अजिबात घेऊ नका.

आता सगळ्यात मोलाची पायरी: एक हिशेब स्वतः करून पाहा. सीडीसीच्या मोफत अभ्याससाहित्यात 1940 सालची न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगोची गोष्ट आहे. चर्चमधल्या जेवणानंतर पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. 75 जणांकडे चौकशी केली, त्यांत 46 आजारी निघाले. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेले 54, त्यांतले आजारी 43, म्हणजे जवळपास 80 टक्के. न खाल्लेले 21, आजारी 3, म्हणजे सुमारे 14 टक्के. 80ला 14ने भागा: खाणाऱ्यांची जोखीम साडेपाच पटींहून जास्त. फक्त आजारी माणसांनी काय खाल्लं एवढंच विचारलं असतं, तर हे कळलंच नसतं. म्हणून कुठलाही आकडा आला की आधी विचारा, छेद काय? किती जणांपैकी?

एवढं जमलं की हेच आकडे ओपनएपी या साथींचे हिशेब करणाऱ्या संकेतस्थळावर भरा. तिथे कोडिंग लागत नाही. ‘आर’ ही संगणकभाषा शिकायची असेल तर ‘एपिडेमिऑलॉजिस्ट आर हँडबुक’ ऑनलाइन मोफत आहे, सरावाच्या डेटासकट. पहिल्या दिवशी साथीचा आलेख काढा: आडव्या अक्षावर लक्षणं सुरू झाल्याची तारीख, उभ्यावर रुग्णसंख्या. अहवालाची तारीख घेतलीत तर साथ उशिरा सुरू झाल्यासारखी दिसेल.

उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख लिहा. साथ चालू असताना जुने आकडेही मागाहून दुरुस्त होतात.