पॅरिश शाळेत शिकवणं सुधारायचं तर रोजची पंधरा मिनिटं वर्गाच्या मागे बसा

पॅरिश शाळेची, म्हणजे स्थानिक चर्चने चालवलेल्या कॅथलिक शाळेची, खरी अडचण तिच्या आकारात असते. बहुतेक ठिकाणी एका इयत्तेची एकच तुकडी, म्हणून त्या इयत्तेला शिक्षकही एकच. चौथीच्या बाईंचं अपूर्णांकांपाशी अडलं, तर विचारायला चौथीच्या दुसऱ्या बाई नसतात. बंद दाराआड वर्षानुवर्षं एकच पद्धत चालू राहते, आणि ती चुकीची असली तरी कुणाला कळत नाही.

१९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, कलम ८०३ शिक्षकाकडून शुद्ध धर्मशिकवण आणि सचोटीचं जगणं मागतं. ते सगळ्यांना ठाऊक असतं. कलम ८०६ मात्र विसरलं जातं. कॅथलिक शाळेतलं शिक्षण निदान परिसरातल्या इतर शाळांच्या तोडीचं असावं, ही जबाबदारी ते शाळा चालवणाऱ्यांवर टाकतं. प्रार्थना मनापासून होते म्हणून कच्चं गणित खपवून घेता येत नाही.

मुख्याध्यापकांनी रोज एकच वर्ग बघावा, पंधरा मिनिटं. दहा शिक्षक असतील तर दोन आठवड्यांत प्रत्येकाची एक पाळी होते. एकदा सकाळचा तास बघितला, तर पुढच्या वेळी जेवणाच्या सुट्टीनंतरचा बघा. तोच वर्ग ओळखू येत नाही. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे वेळ आणि शिक्षक काय बोलले, उजवीकडे मुलं काय करत होती. ‘छान’, ‘उत्साही’ असली विशेषणं लिहायची नाहीत. नोंद अशी हवी:

९.४२. ‘तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश?’ एका सेकंदात पहिल्या बाकावरची मुलगी उत्तर देते. ‘बरोबर.’ पुढचा प्रश्न. | मागच्या तीन रांगांत एकही वही उघडी नाही.

या नोंदीतच पुढचं काम दडलेलं आहे. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलू लागतात, हे मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं. आजही पहिला बदल म्हणून हाच सर्वांत स्वस्त आहे.

बोलणं त्याच दिवशी व्हावं, दहा मिनिटांत, आणि शिक्षकाच्या वर्गात. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर बसलं की माणूस बचावाला लागतो. आधी नोंद वाचून दाखवा. मग विचारा, ‘बाकीच्या मुलांना येत होतं, हे कशावरून कळलं?’ त्यानंतर बदल एकच ठरवा: प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं, मनात तीन मोजायचे, मग नाव घ्यायचं. रिकाम्या वर्गात मुख्याध्यापकांनी विद्यार्थी होऊन ते दोनदा करून घ्यावं. जरा हास्यास्पद वाटतं, म्हणून ही पायरी गाळली जाते, आणि सल्ला तिथेच विरतो. ठरलेला बदल दिसतो का, हे बघायला आठवडाभरात पाच मिनिटं डोकावून यावं.

बिघडतं ते दोन कारणांनी. एक, पाच सूचना एकदम दिल्या जातात आणि एकही टिकत नाही. दुसरं, हीच वही करार वाढवायच्या वेळी बाहेर निघते. एकदा तसं झालं की पुढे तुम्हाला फक्त सजवलेले पाठ बघायला मिळतील. मूल्यमापनाची फाइल वेगळी ठेवा.

शिक्षक खरोखर कमी पडत असेल तर मात्र टाळाटाळ नको. तो रविवारी गायनवृंदात असतो, त्याची मुलं याच शाळेत असतात, म्हणून कुणी स्पष्ट बोलत नाही, आणि वर्षअखेरीस नोकरी गेल्याचं पत्र अचानक हातात पडतं. हा दयाळूपणा नव्हे. सहा आठवड्यांची मुदत, नेमकं काय बदलायचं, मदत कोण करणार आणि पुन्हा बघायच्या तारखा, हे लेखी द्या. फादरांनीही मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर चर्चच्या दारात पालकांच्या तक्रारी घेऊ नयेत. आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग फादर.

एकाच इयत्तेची जोडी जमत नाही, म्हणून लागून असलेल्या इयत्तांची लावा: तिसरी-चौथी, पाचवी-सहावी. महिन्यातून एकदा ४५ मिनिटं, समोर सहा वह्या: दोन चांगल्या, दोन मधल्या, दोन कच्च्या. तिसरीत ‘खालचा आकडा मोठा तर अपूर्णांक मोठा’ असा समज बसला असेल, तर तो चौथीच्या वहीत सापडतो. ही वेळ सणाच्या आणि निधी जमवण्याच्या सूचना खाऊन टाकतात. त्या कागदावर फिरवा.

धर्मशिक्षणाचा तासही या फेरीत घ्याच. अनेकदा तोच सर्वांत ढिला असतो: मुलं आळीपाळीने वाचतात, शिक्षक अर्थ सांगतात, घंटा होते. तिथेही तेच दोन रकाने भरा, आणि उजवा रकाना कोरा राहिला तर तो तसाच शिक्षकांना दाखवा.