विंडोज १० वरून ११ : आधी डिस्क बघा, मग बायोसला हात लावा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर पुढेही सुरू राहतो, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येत नाहीत. म्हणून ज्यावर बँकेचे व्यवहार होतात, तो तरी ११ वर न्यावा.

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की मशीन पात्र आहे का ते कळतं. प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क अशी आहे, पण ४ जीबीवर रोजचं काम रखडतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर आधी त्यावर खर्च करा.

'टीपीएम २.० नाही' (टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी मशीनमधली सोय) असं दिसलं म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला धावू नका. बऱ्याचदा तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडतो.

बायोस उघडण्याआधी दोन कामं उरका. पहिलं, बॅकअप. तो बाहेरच्या डिस्कवर हवा. सी आणि डी ड्राइव्ह बहुतेक वेळा एकाच डिस्कचे भाग असतात, त्यामुळे डी वर केलेली कॉपी बॅकअप ठरत नाही. दुसरं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि संरक्षण तात्पुरतं 'सस्पेंड' करा. टीपीएमची किंवा बूटची सेटिंग बदलली की बिटलॉकरला छेडछाडीचा संशय येतो आणि तो की मागतो. ती नसेल तर डेटा गेला.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सिक्युअर बूटपाशी, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणाऱ्या सेटिंगपाशी. त्यासाठी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लागतं आणि यूईएफआयवरून विंडोज सुरू व्हायला डिस्क जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) पद्धतीची हवी. जुन्या मशीनवर ती एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची, असू शकते. डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डावीकडे 'डिस्क ०' लिहिलंय तिथे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यात व्हॉल्यूम्स टॅब बघा. एमबीआर दिसलं तर विंडोजमध्येच असलेलं 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून वापरा. आधी 'व्हॅलिडेट', ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट'. दोन्ही वेळा 'अलाउ फुल ओएस' हा पर्याय जोडावा लागतो. व्हॅलिडेट नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एखादं लॉजिकल पार्टिशन असणं. मग त्यातला डेटा बाहेर काढून ते पार्टिशन काढून टाकावं लागतं.

रूपांतर झाल्यावरच बायोसमध्ये सीएसएम किंवा लेगसी (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद करा आणि मग सिक्युअर बूट चालू करा. क्रम उलटा झाला तर 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असा संदेश येतो. घाबरू नका, डेटा जागेवरच असतो. सीएसएम पुन्हा चालू केलं की जुनं विंडोज उघडतं.

आता प्रत्यक्ष अपग्रेड. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी जागा मोकळी करा, बाहेरून टाकलेला अँटीव्हायरस काढा, कीबोर्ड-माउस सोडून बाकीची यूएसबी उपकरणं सोडवा आणि लॅपटॉप चार्जिंगला लावा. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये ११ दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' वापरा किंवा आयएसओ फाइल (विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलमधली प्रत) उघडून सेटअप चालवा. आयएसओची भाषा आत्ताच्या विंडोजच्या भाषेशी जुळली नाही, तर फाइल्स आणि ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडता येत नाही. विंडोज ३२ बिटचं असेल तर नव्याने इन्स्टॉल करण्याशिवाय मार्ग नाही. टक्केवारी बराच वेळ एका आकड्यावर थांबली तरी डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर बटण दाबून मशीन बंद करू नका.

सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आहे का बघा; ती असेल तर त्या उपकरणाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नीट बसलेला नसू शकतो. वायफायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवलेला बरा, नाहीतर नेटच नसताना ड्रायव्हर आणणार कुठून? बिटलॉकर पुन्हा सुरू करा. पटलं नाही तर १० दिवसांत सेटिंग्जच्या रिकव्हरी पानावरून १० वर परतता येतं. मात्र त्यासाठी 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर शाबूत हवा, म्हणून तोवर डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक करू नका.