हट्टी क्लायंटला बदलायला निघालात? मग या चुका टाळा

काउन्सेलिंग शिकून येणारी नवी मुलं हुशार असतात, भरपूर वाचलेलं असतं, मेंदूवरचे व्हिडिओ बघितलेले असतात आणि नेमकं तेच सगळं पहिल्याच सेशनला समोरच्याच्या अंगावर ओततात. मग तो ऐकत नाही म्हणून फाइलवर "रेझिस्टंट", म्हणजे विरोध करणारा, असा शेरा. अहो, तो स्वतःहून आलेलाच नसतो! बायकोने, भावाने नाहीतर साहेबाने पाठवलेला असतो, आणि आणखी एक माणूस आपल्याला शहाणपण शिकवणार हे त्याला दारातच कळलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो या मेंदूच्या लेक्चरचा. गोव्यातल्या डिचोलीकडचा, खाणीवरचा एक ट्रकवाला आमच्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). 2012 ला खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते चालू आणि दुपारपासूनच पिणं. भाऊ घेऊन आला. आमच्या नव्या काउन्सेलरने लॅपटॉप उघडला, डोपामिन इथे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स इथे, दारूने लिव्हरचं काय होतं, पाऊण तास नुसतं बोलत होती. तो मान हलवत "सारकें, सारकें" म्हणत होता, पोरगी खूश, नोंदीत लिहिलं "इनसाइट चांगली", म्हणजे आपला त्रास याला कळलाय. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. भावाचा फोन आला, म्हणाला त्या दिवशी घरी जाताना वाटेतच उतरला आणि थेट बारवर गेला.

यात नवल काहीच नाही. माणूस लाजलेला, धास्तावलेला असला की ताणामुळे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम मंदावतं, म्हणजे पुढचं बघणं, स्वतःला आवरणं, तोलूनमापून ठरवणं हेच आधी ढिलं पडतं. अशा वेळी कितीही खरी माहिती द्या, ती आत जात नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1966 मध्येच मांडलंय की आपलं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस तीच गोष्ट जास्त घट्ट धरतो. तुम्ही "सोडा" म्हणालात की तो न सोडण्याची कारणं शोधणार, आणि स्वतःच्या तोंडून ती ऐकून त्याला ती पटतही जाणार. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलाची इच्छा क्लायंटच्याच बोलण्यातून जागी करायची पद्धत, 1983 मध्ये मांडलं ते दारूच्या क्लायंटबरोबरच्या कामातूनच, आणि त्याचं सार हेच की बदलाची कारणं क्लायंटच्या तोंडून यायला हवीत.

भावाने खूप मनधरणी केल्यावर तो पुन्हा आला. या वेळी मी बसले, लॅपटॉप बंद. विचारलं, पिण्यातून तुम्हाला मिळतं काय? बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "पियेना जाल्यार न्हीद येना." झोप येत नाही तेव्हा डोक्यात काय चालतं? बँक, ट्रक, आणि मग हळूच, "धूव म्हज्या लागीं बसना", मुलगी माझ्याजवळ बसत नाही. मी फक्त तेवढंच परत म्हटलं, लागीं बसना, आणि गप्प बसले. नव्या मुलांना हे गप्प बसणंच जमत नाही, लगेच सल्ला तोंडात येतो. मग विचारलं, पिणं कमी करणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं, शून्य ते दहा? म्हणाला चार. इथे सगळे चुकतात, "आठ का नाही?" विचारतात आणि सबबी ऐकत बसतात. मी विचारते, दोन का नाही, चार का? मग कारणं तोच सांगतो. त्यानंतर "झोपेबद्दल एक गोष्ट सांगू का?" अशी परवानगी घेऊन सांगितलं की दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप तुटत राहते. एवढंच मेंदूविज्ञान, पण ते त्याच्या प्रश्नाचं होतं.

यासाठी मोठी सर्टिफिकेटं लागतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच गोव्यातलं काम बघावं. संगथ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांबरोबर अभ्यास केला, तो 2017 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, फक्त या कामासाठी तयार केलेल्या काउन्सेलर्सनी फार तर चार सेशन घेतली. तीन महिन्यांनी त्यांच्या गटात 36 टक्के लोकांचं पिणं आटोक्यात आलेलं होतं, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत 26 टक्के.

बाकीच्या चुका थोडक्यात. रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून बंद" सांगू नका, हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, जीवावरही बेतू शकतं, आधी डॉक्टर. "21 दिवसांत सवय बदलते" हे विसरा, लंडनमधल्या अभ्यासात नवी सवय लागायला सरासरी 66 दिवस लागले आणि काहींना त्याहून कितीतरी जास्त. घाबरवून, घाई करून होकार काढायच्या सेल्समनच्या युक्त्या सेशनमध्ये आणू नका, तो होकार दारापर्यंतही टिकत नाही. आणि नातेवाइकांसमोर हे प्रश्न विचारूच नका.

दारू सोडायच्या शपथेचं मात्र जरा सांगायला हवं. घरचे देवळात नेऊन गाऱ्हाणं घालून घेतात, पुढे कधी तोल गेला की तो देवाच्या आणि आपल्या दोघांच्याही तोंडासमोर यायचा बंद होतो. श्रद्धेला हात लावू नका, पण शपथेवर विसंबूही नका. मी एवढंच विचारते, शनिवारी संध्याकाळी तुमचा मित्र बाइक घेऊन दारात आला तर त्याला काय सांगाल? वाक्य त्याच्या भाषेत, त्याच्याच हाताने कागदावर. ट्रकवाल्याने लिहिलं होतं, "आज धुवेक ट्यूशनाक व्हरतां", आज मुलीला ट्यूशनला नेतोय.