कॅज्युअल्टीतलं घड्याळ आणि एक कागद: ट्रॉमाची (गंभीर जखमींची) सेवा सुधारायची तर सिस्टरने सुरुवात कुठून करावी

ऊसतोड सुरू झाली की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, रात्रीचे पेशंट वाढतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि अंधारात त्यावर जाऊन आदळलेली मोटारसायकल. पुणे-बंगळूर महामार्गावरचे अपघात तर बारा महिने असतातच. मी कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर आहे. नव्या मुली ड्यूटीवर आल्या की विचारतात, "मॅडम, सुधारणा करायची ती सर्जन करणार, सिव्हिल सर्जन साहेब करणार. आपल्या हातात काय आहे?"

वेळेची नोंद आपल्या हातात आहे. सर्जन ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अडकलेले असतात, सीएमओ (कॅज्युअल्टीचे ड्यूटीवरचे डॉक्टर) एकाच वेळी तीन पेशंट बघत असतात. स्ट्रेचर आत आल्यापासून ओटीच्या दारापर्यंत पेशंटजवळ सलग कोण असतं, तर सिस्टर. उशीर कुठे होतो हे तिच्याइतकं कोणालाच दिसत नाही. ते दिसलेलं कागदावर उतरवायचं, एवढ्यापासून सुरुवात करा.

पहिलं काम घड्याळाचं. ट्रॉमाच्या बेडवरून मान न वळवता दिसेल असं एकच मोठं घड्याळ लावा आणि दर सोमवारी मोबाईलशी जुळवा. मॉनिटरचं घड्याळ पुढे, ईसीजी मशिनचं मागे, सिस्टरच्या मनगटावरचं तिसरंच, असं असेल तर नोंदींना अर्थ राहत नाही. मग एक कागद छापून घ्या. त्यावर अपघात झाल्याची वेळ, पेशंट पोचल्याची वेळ, पहिला बीपी, पल्स, श्वास, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) आणि जीसीएस (शुद्धीचा स्कोअर). जाड सुई कधी लागली, रक्ताचं सॅम्पल कधी गेलं आणि पिशवी कधी आली, सर्जनना फोन कधी केला आणि ते कधी आले, सीटीला कधी नेलं, कॅज्युअल्टी कधी सोडली. एवढंच. याहून मोठा फॉर्म केलात तर रात्री दोन वाजता तो कोणी भरणार नाही.

यातली अपघाताची वेळ सगळ्यात जास्त चुकते, आणि सगळ्यात महत्त्वाचीही तीच असते. पाटण खोऱ्यातला पेशंट आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथून कराडला येतो, कधी आणखी पुढे जातो. प्रत्येक ठिकाणी 'पोचल्याची वेळ' लिहिली जाते आणि मूळ वेळ वाटेत हरवते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, द्यायचं की नाही हे त्याच वेळेवर ठरतं. 2010 साली क्रॅश-2 नावाचा अभ्यास आला, वीस हजारांहून जास्त जखमींवर केलेला. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत हे औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. तीन तासांनंतर दिलं तर उलट अपाय होतो, हे त्यात दिसलं. म्हणून 108 च्या डॉक्टरांना स्ट्रेचर उतरवतानाच विचारा, "अपघात किती वाजता झाला?" त्यांना माहीत नसेल तर आणणाऱ्या माणसाला विचारा. "मघाशी झाला" हे उत्तर घेऊ नका. कॉल कधी लागला ते त्याच्या मोबाईलवर दिसतं, ते बघायला सांगा.

औषधाचा डोस एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग पुढचा एक ग्रॅम आठ तासांत. आपल्याकडचा अँप्युल पाचशे मिलीग्रॅमचा, म्हणजे पहिल्या डोसाला दोन लागतात. ते मेडिसिन स्टोअरच्या कुलपात ठेवून उपयोग नाही, ट्रॉमा ट्रॉलीत हवेत. सर्जन आणि सीएमओ यांच्याकडून सहीचा लेखी स्टँडिंग ऑर्डर घ्या, म्हणजे कोणत्या पेशंटला लगेच सुरू करायचं यावर रात्री वाद होत नाही. तोंडी ऑर्डरवर चालू नका.

ट्रॉली ड्यूटीच्या सुरुवातीला स्वतः उघडून बघा. सक्शन (तोंडातलं रक्त, थुंकी ओढणारं मशिन) चालू करून बघा, नुसतं "आहे" म्हणू नका. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत नळी घालताना लागतो तो) दिवा लागतो का, ऑक्सिजनच्या सिलिंडरला चावी आहे का, करड्या आणि नारिंगी, म्हणजे जाड, व्हेनफ्लॉन (शिरेत लावायच्या सुया) आहेत का. बारीक गुलाबी व्हेनफ्लॉनवर रक्त जाऊन शॉकमध्ये गेलेल्या माणसाला वेगाने रक्त चढत नाही. एक जाड चादर घडी करून ठेवा, पेल्व्हिस (ओटीपोटाचं हाड) मोडलं तर बांधायला. ती चुकून कमरेच्या पट्ट्याच्या जागी बांधली जाते, हे मी पुन्हा पुन्हा बघते. मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा दोन्ही बाजूंना हाताला लागतो, चादरीचा मध्य त्या पातळीवर यायला हवा.

पेशंट आला की कोण कुठे उभं राहणार हे आधी ठरलेलं असावं. पुस्तकात पाच-सहा माणसं असतात. आपल्याकडे रात्री दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय) आणि नशीब चांगलं असेल तर एक इंटर्न. तरीही एकजण लिहिणाराच असला पाहिजे. इंटर्न असेल तर त्याच्या हातात कागद द्या, नसेल तर मामांना वेळ टिपायला शिकवा. आमच्याकडे एक मामा इतकी चोख वेळ टिपतात की सर्जन आधी त्यांचा कागद मागतात. बाकीच्यांनी केलेलं काम मोठ्याने सांगायचं: "उजव्या हाताला करडी लागली." लिहिणारा तेच परत म्हणतो आणि वेळ टाकतो. सुरुवातीला सगळ्यांना संकोच वाटतो. महिन्याभरात सवय होते.

आता बीपीबद्दल, कारण इथे जीव जातात. तरणाताठा माणूस लिटर-सव्वा लिटर रक्त गेलं तरी बीपी धरून ठेवतो. कागदावर 110 दिसतं आणि सगळे दुसऱ्या पेशंटकडे वळतात. पल्सला वरच्या बीपीने भागा. पल्स 120 आणि बीपी 110 असेल तर उत्तर एकाच्या वर जातं, 0.9 च्या वर गेलं की सीएमओंना हाक मारा, हात गार आहेत का बघा, श्वास मोजा. मांडीचं एक हाड मोडलं तरी त्यात लिटर-दीड लिटर रक्त साठू शकतं, जमिनीवर एक थेंब न सांडता.

जीसीएस नुसता '10' लिहू नका. ई (डोळे) 2, व्ही (बोलणं) 3, एम (हालचाल) 5 असं सुटं लिहा, म्हणजे पुढच्या सिस्टरला नेमकं काय बिघडलं ते कळतं. महामार्गावर राजस्थानचे, तामिळनाडूचे ड्रायव्हर येतात. मराठीत विचारून उत्तर आलं नाही म्हणून व्ही कमी लिहिला, असं होतं. त्याच्या भाषेतलं कोणी बाहेर आहे का बघा. आणि तोंडाला दारूचा वास आला म्हणून गुंगी दारूची आहे असं कधीही धरू नका. डोक्याला मार नाही हे सिद्ध होईपर्यंत मार आहे असंच धरायचं.

कपडे कापून सगळं अंग बघायचं, पाठसुद्धा, आणि मग लगेच पांघरायचं. गारठलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही. माघातल्या पहाटे शेतातून आणलेल्या माणसाला उघडं ठेवून वर पंखा चालू, हे मला सहन होत नाही. पंखा बंद करा, ओले कपडे काढा, सलाईन कोमट द्या.

बाहेर अख्खं गाव जमतं. "सिस्टर, आमच्या पोराला बघा की आधी" म्हणणाऱ्या आईवर आवाज चढवू नका. आतलं माणूस दर थोड्या वेळाने एकाच नातेवाइकाशी बोलेल असं ठरवा. एमएलसी (पोलीस केसची नोंद) होते, पोलिसांना कळवलं जातं, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. ज्याने उचलून आणलं त्याला नाव सांगायची सक्ती करू नका, त्याला बसवून ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ ने त्याला संरक्षण आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना 2025 पासून आहे, ते नातेवाइकांना आपणच सांगायचं. शेत विकायची भाषा करत बसलेला बाप मी पाहिला आहे.

हे कागद फाईलला लावून विसरलात तर सगळी मेहनत फुकट. आठवड्यातून एकदा, ओपीडी संपल्यावर, पंधरा-वीस मिनिटं बसा. सीएमओ, एक सर्जन, ब्लड बँकेचा टेक्निशियन आणि मामासुद्धा. त्या आठवड्यातले दोन-तीन कागद वाचा. नियम एकच: माणसाचं नाव घ्यायचं नाही, टप्प्याचं घ्यायचं. "अमक्याने उशीर केला" म्हटलं की पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांच्या वेळा छान दिसायला लागतात आणि खऱ्या नोंदी संपतात. आमच्याकडे रक्ताला उशीर व्हायचा. कागद वाचल्यावर दिसलं की सॅम्पल लगेच निघायचं, पण मागणीच्या फॉर्मवर सही राहायची आणि नातेवाईक तो घेऊन दोनदा जिन्यावरून फिरायचे. मग आम्ही दोन बल्ब (सॅम्पलच्या बाटल्या), फॉर्म आणि स्टिकर एकत्र असलेली पाकिटं करून ट्रॉलीत ठेवली, सही बेडजवळच होते, आणि सॅम्पल नातेवाईक नव्हे तर मामा नेतात. एका पैशाचाही खर्च आला नाही.

महिन्याची आकडेवारी काढताना सरासरी काढू नका. पेशंट थोडे असतात, एकाचा आकडा सगळं बिघडवतो. वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा आणि मधली घ्या. तीच भिंतीवर लावा, पेशंटचं नाव न घालता. एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्या. आम्ही रक्तापासून सुरुवात केली, तुमच्याकडे कदाचित सीटी असेल, कदाचित सर्जनना होणारा फोन.

पेशंट पुढे पाठवला तर आपल्या कागदाची झेरॉक्स सोबत द्या, अपघाताची वेळ लाल पेनाने गोल करून. दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलच्या सिस्टरला फोन करा: काय निघालं, आपल्याकडून काय राहिलं, कोणती नोंद कामाला आली. उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहा आणि आठवड्याच्या बैठकीत वाचा. ज्या मुलीने रात्री त्याला पहिली सुई लावली, तिला तिच्या पुढच्या ड्यूटीच्या सुरुवातीलाच सांगा.