तुमच्या नावाचं डोमेन दुसऱ्याने घेतलंय? ते सोडवायचं असं

‘नाव माझं, म्हणजे डोमेनही माझंच’ हे आधी डोक्यातून काढा. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता; जो आधी पैसे भरतो, त्याला तो मिळतो. तुमच्याच नावाचा दुसरा माणूस आधी पोचला असेल आणि तिथे स्वतःचे फोटो टाकत असेल, तर तो हक्काने बसलाय. त्याच्याशी भांडू नका, मधलं नाव घालून वेगळं डोमेन घ्या.

तसं नसेल, तर हूइजवर (डोमेन-नोंदणीची माहिती दाखवणारी सेवा) डोमेनच्या नोंदणीची तारीख बघा आणि लिहून ठेवा. सगळा डाव या तारखेवर आहे. साइटचे स्क्रीनशॉट काढा, वेबॅक मशीनवरची (वेबसाइटची जुनी रूपं साठवणारी साइट) जुनी पानंही जपून ठेवा.

‘किती घ्याल?’ अशी मेल टाकू नका. त्याने आपणहून अवाच्या सवा किंमत सांगितली, तर तो तुमच्या हातातला पुरावा. विचारणा तुमच्याकडून गेली, की तो म्हणणार, मी कुठे विकायला बसलो होतो?

डॉट कॉम, नेट, ऑर्गसाठी आयकॅनचं, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचं, १९९९ सालचं यूडीआरपी हे डोमेनच्या वादांसाठीचं धोरण लागू होतं, आणि तक्रार वायपोसारख्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) संस्थेकडे जाते. डॉट इनचं धोरण वेगळं आहे. त्यात ट्रेडमार्कच्या जोडीला ‘नाव’ हा शब्दही आहे, त्यामुळे वाट थोडी सोपी.

आता खरी मेख. यूडीआरपीत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं व वापरलं. पहिल्या अटीत ‘नाव’ म्हटलेलं नाही, ट्रेडमार्क म्हटलंय. मी पहिली तक्रार एका लेखक मित्रासाठी केली, तेव्हा त्याचा पासपोर्ट आणि जन्मदाखला मोठ्या ऐटीत जोडला होता. शून्य उपयोग! तुमचं नाव अमुक आहे याबद्दल कुणालाच शंका नसते. त्या नावावर काहीतरी विकलं जातं आणि लोक ते नाव बघून विकत घेतात, हे दाखवायचं असतं.

नोंदलेला ट्रेडमार्क नसला तरी चालतं. २००० साली अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स अशाच अनोंदणीकृत हक्कावर जिंकल्या. त्याच वर्षी गायक स्टिंग हरले, कारण ‘स्टिंग’ हा इंग्रजीतला रोजच्या वापरातला शब्द. म्हणजे नुसती प्रसिद्धी पुरत नाही. पुस्तकांची मुखपृष्ठं, विक्रीचे आकडे, जाहिराती, तुमच्या नावाने निघालेली बिलं, परीक्षणं असं सगळं जोडा. फॉलोअरची संख्या एकटी जोडून मोकळे होऊ नका.

आणि प्रत्येक कागदावरची तारीख बघा. मित्राच्या फाइलमध्ये चाळीसेक कात्रणं होती, सगळी पहिल्या पुस्तकानंतरची. डोमेन मात्र पुस्तकाच्या दोन वर्षं आधी घेतलेलं. तेव्हा त्याला ओळखत कोण होतं? मग त्याचं नाव लुबाडायच्या हेतूने डोमेन घेतलं, हे कसं पटणार? हरलो, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून मी कात्रणांचे दोन गठ्ठे करतो, नोंदणीआधीचे आणि नंतरचे. पहिला गठ्ठा रिकामा असेल तर तक्रारच करत नाही. ओढूनताणून केलीत, तर तुम्हीच डोमेन बळकावायला निघालात असा शेरा निकालात येऊ शकतो, आणि निकाल जाहीर असतात.

बाकी सरळ आहे. वायपोकडे पाच डोमेनपर्यंतच्या तक्रारीची फी, निवाडा करणारा एक सदस्य हवा असेल तर १,५०० डॉलर, तीन हवे असतील तर ४,०००. समोरच्याला उत्तराला २० दिवस मिळतात. सदस्य नेमल्यावर साधारण १४ दिवसांत निकाल येतो. तो तुमच्या बाजूने लागला तरी १० कामकाजाचे दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात समोरचा कोर्टात जाऊ शकतो. नुकसानभरपाई इथे मिळत नाही, त्यासाठी तुम्हालाही कोर्टच गाठावं लागेल.

अर्जात शेवटी विचारतात: डोमेन तुमच्याकडे वर्ग करायचं की रद्द? वर्गच मागा. रद्द झालेलं डोमेन पुन्हा बाजारात येतं, आणि ते उचलायला तोच माणूस टपून बसलेला असतो.