थाई शिकायची तर कखगघपासून सुरू करा

बारावी झाली किंवा बीए चालू आहे आणि पुढे थाई भाषा न् थायलंड-ब्रह्मदेशच्या त्या सगळ्या पट्ट्याचा अभ्यास करायचाय असं म्हणणारी पोरं हल्ली रत्नागिरी-गुहागरकडे पण भेटतात, त्यांना मी सगळ्यात आधी एकच सांगते, इंग्रजी स्पेलिंगवरून थाई शिकू नका. माझ्या पहिल्या क्लासमध्ये लिपी नंतर बघू म्हणाले आणि तीन महिने रोमनमध्येच लिहीत बसले, मग ते सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. देवनागरी येत असताना एबीसीडीच्या वाटेने जायचंच कशाला.

थाई लिपी ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या लिपीवरून आली, ख्मेर दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरून, म्हणजे मूळ ब्राह्मीच, त्यामुळे अक्षरांचा क्रम आपलाच, क वर्ग, च वर्ग, ट वर्ग असा. एकूण 44 व्यंजनं, त्यातली 2 आता वापरातच नाहीत. ळ सुद्धा आहे, फक्त उच्चार ल. बाकीच्या देशांतल्या मुलांचा घाम निघतो तो व्यंजनांच्या तीन गटांत, मध्य, उच्च आणि नीच, कारण शब्दाचा सूर कुठला, म्हणजे आवाज सपाट ठेवायचा, चढवायचा की उतरवायचा, हे ठरवताना हा गट बघावा लागतो आणि ती मुलं 44 अक्षरं सुटी सुटी पाठ करतात. तुम्ही वहीत आपला वर्गांचा तक्ता काढा आणि उभ्या रांगा बघा. पहिली रांग क च ट त प, हा मध्य गट. दुसरी ख छ ठ थ फ, उच्च. तिसरी, चौथी, पाचवी सगळी नीच. य र ल व नीच, श ष स ह उच्च. ड, ब अशा उच्चारांची थोडी जादाची अक्षरं राहतात ती वेगळी लक्षात ठेवायची. मला हे ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी एका संध्याकाळीत गट पाठ झाले, खरंच.

आता त्याच तक्त्यावरून उच्चार पण काढता येतो. तिसऱ्या रांगेतले ग, द, ब थाईत पूर्वी तसेच बोलले जायचे, नंतर ते ख, थ, फ झाले, म्हणून गुरुचा खरू, देवाचा थेप, बुद्धाचा फुत. उलट संस्कृतातल्या त-प चा पुष्कळदा द-ब होतो, ताराची दारा, पुरीची बुरी. शेवटच्या र चा न होतो, नगर म्हणजे नखोन, आहार म्हणजे आहान. पण अर्थ मात्र गृहीत धरू नका. महाविद्यालय तिकडे युनिव्हर्सिटीला म्हणतात, आकाशावरून आलेला आकात म्हणजे हवामान, संज्ञावरून आलेला सन्या म्हणजे करार किंवा वचन, आणि संसारवरून आलेला शब्द कीव येण्यासाठी वापरतात. नवीन शब्द ओळखीचा वाटला की जास्तच सावध राहायचं आणि डिक्शनरी उघडायची.

सूर 5 आहेत. आपल्याकडे मालवणी माणसाचा हेल कानावर पडला की गाव कळतं, थाईत हेल बदलला की शब्दच बदलतो. क्लाय सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली सोडत म्हटलं तर जवळ, म्हणजे रस्ता विचारताना काय होईल बघा. रोज दहा शब्द मोबाईलवर ऐकायचे, मग स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून लागोपाठ लावायचा, नुसतं मनात वाचून सूर येत नाही. आणि फ कडे लक्ष द्या, फणसातला फ वेगळा आणि फॅनमधला वेगळा. आपण दोन्ही एकत्र करतो, थाईत पहिल्याने फाय म्हटलं तर भय, धोका, दुसऱ्याने म्हटलं तर आग. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पण मोडी बघितलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही.

कल्चरचा अभ्यास घरापासून सुरू करा हे मी मनापासून सांगते. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच वारला. आपण थिबा पॉइंटला सूर्यास्त बघायला जातो, पण तो पॅलेस म्हणजे त्या भागाच्या इतिहासाचा एक तुकडा आपल्या गावात पडलाय. अजून मागे जा, महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली ग्रंथात बौद्ध धर्मप्रचारकांची यादी आहे, त्यात एक जण अपरान्ताला म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे पाठवला आणि दोघं सुवण्णभूमीला म्हणजे तिकडच्या पट्ट्यात, एकाच यादीत. जवळा वाळताना रोज बघता ना, तसल्याच बारक्या कोळंबीला मीठ लावून आंबवतात ती थाई कपी. अर्जात ‘मला थाई संस्कृती आवडते’ लिहिण्यापेक्षा यातलं एक घेऊन त्यावर पानभर लिहा.

मात्र सगळं आपल्याकडूनच गेलं हा सूर लावू नका, प्रोफेसरांना तो पटत नाही आणि खराही नाही. रामकियन म्हणजे थाई रामायण, त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही, रावणाच्या मुलीच्या, सुवर्णमत्स्येच्या प्रेमात पडतो. त्यांनी घेतलं आणि आपलं करून टाकलं, अभ्यास त्याचाच करायचाय.

कोर्सचं म्हणाल तर बीएला संस्कृत, पाली किंवा इतिहास घ्या, पाली विभाग मुंबई विद्यापीठात आणि पुण्याला पण आहे. पुढे दिल्लीला जेएनयू, किंवा बाहेर सिंगापूरचं एनयूएस, लंडनचं सोआस, कॉर्नेल, आणि बँकॉकचं चुलालोंगकोर्न, जे 1917 चं आहे आणि तिथे थाई स्टडीजचं एमए इंग्रजीतून होतं. थाई किती येतं ते दाखवायला त्यांचीच सीयू-टीएफएल परीक्षा असते. थायलंडला शिकायला जाताना ईडी म्हणजे शिक्षणासाठीचा व्हिसा लागतो, टुरिस्टवर जाऊन शिकत बसू नका. राजघराण्याबद्दल तिथे काहीही बोलायचं नाही, मित्रांत पण नाही, 15 वर्षांपर्यंत शिक्षेचा कायदा आहे.

पोचल्यावर सीनियरला फी म्हणायचं, मुलगा असो वा मुलगी, तुमच्यापेक्षा लहान तो नोङ. आणि कोणी ‘किन खाव रू यङ’ विचारलं तर गोंधळू नका, आपल्याकडे पडवीत बसलेली आजी विचारते तेच विचारतायत, जेवलास की नाही अजून.